ललितची कावीळ

ललितला कावीळ कधीच झाली नव्हती. तरीही शिंदखेड्याकडच्या त्या गावात कुणालाही विचारलं असतं, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याने ललितच्या काविळीचं वर्णन केलं असतं. डोळे हळदीसारखे, नखं पिवळी, अंगात उभं राहायचं त्राण नाही. सगळ्यांची वर्णनं एकमेकांशी चोख जुळायची, कारण ती सगळी एकाच तोंडून निघाली होती. ते तोंड ललितच्या आईचं, ताईबाईंचं.

खरी हकिकत अशी की ललित नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होता आणि दारू प्यायचा. सुरुवातीला पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग वाराचा काही संबंध उरला नाही. एका संध्याकाळी तो मोटारसायकलसकट पोलिसांच्या बॅरिकेडला जाऊन टेकला. टेकला हा त्याचा शब्द. बॅरिकेड आडवं पडलं होतं आणि ललित त्याच्यावर. कोर्टात दंड भरून तो घरी आला, तेव्हा त्याची बायको रत्ना हिने त्याची बॅग भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याला जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं. तिथे तो चार महिने राहिला, आणि परत आल्यावर त्याने पुन्हा थेंब घेतला नाही.

या चार महिन्यांत गल्लीला काहीतरी सांगणं भाग होतं. ताईबाईंनी सांगितलं, कावीळ.

रत्ना भडगावची, रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली, तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बोलायची कमी. सासूने खोटं सांगितलं याचा तिला त्रास झालाच, पण ते ढिसाळ सांगितलं याचा जास्त झाला.

"आई, साधी कावीळ चार महिने टिकत नाही. लोकांना शंका येईल."

"मग कोणती टिकस?" ताईबाईंनी विचारलं.

रत्नाने सांगायला नको होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायची तिला वर्षानुवर्षांची सवय. कोणता प्रकार लांबतो, रक्तात बिलीरुबिन कसं वाढतं, ते किती वाढलं की डॉक्टर गंभीर होतात, हे तिने तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ताईबाई ओट्यावर बसून "मन्हा पोऱ्यानं बिलीरुबिन अकरावर शे" असं इतक्या गंभीरपणे सांगायला लागल्या की बायका ऐकून हात जोडायच्या. अकरा कशाचं, हे मात्र त्या कधीच सांगत नसत. एकक गाळतात म्हणून रत्ना मनात चडफडायची.

एवढ्यावर भागलं नाही. एवढी मोठी कावीळ आणि तोताराम नानांना बोलावलं नाही, हे गावात खपलं नसतं. तोताराम नाना कावीळ उतरवायचे. आधी रोग्याच्या हाताला झाडाच्या सालीचं पाणी चोळायचं, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं, आणि ती कावीळ उतरली म्हणायची. रोगी जळगावला, तेव्हा नानांनी ताईबाईंना ललितचा सदरा हातात धरायला लावला आणि त्यांचे हात धुतले. पाणी पिवळं झालं. सदऱ्यातून उतरलेली कावीळ बघायला सगळी गल्ली आली होती, आणि ललित बरा होऊन परतला तेव्हा नानांचं नाव पार दोंडाईच्यापर्यंत गेलं.

यानंतर अडीच-तीन वर्षं सुखात गेली. मग ललितची निवड झाली.

निवड सरकारी स्फोटकांच्या कारखान्यात झाली होती, तंत्रज्ञ म्हणून. परीक्षा, मुलाखत, हाताच्या कामाची चाचणी, सगळं पार पडलं होतं. उरली होती सुरक्षा पडताळणी. जिथे एका माणसाच्या थरथरत्या हाताने अख्खी इमारत उडू शकते तिथे माणूस पारखून घेतात, यात नवल काही नाही. अर्जात विचारलं होतं, कधी अटक, खटला, दंड झाला आहे का, व्यसन आहे किंवा होतं का, दीर्घ आजार झाला आहे का. आणि खाली ठळक अक्षरात, माहिती खोटी दिली अथवा दडवली असं आढळल्यास निवड रद्द.

ललितने पेन हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं होतं.

"नाही लिहिलं तर कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. "इथे गल्लीत सुद्धा माहीत नाही कुणाला."

"बॅरिकेडला माहीत आहे," रत्ना म्हणाली. "कोर्टाला माहीत आहे. दारू सोडलेल्या माणसाला ते कदाचित घेतील. खोटं लिहिणाऱ्याला नाही घेणार. दारूचा अंदाज येतो, खोटं बोलणारा कधी काय करेल याचा येत नाही."

ललितने दंड, व्यसन, उपचार, सगळं लिहिलं. आजाराच्या रकान्यात लिहिलं, नाही. ते तर खरंच होतं.

इथे रत्नाची एक चूक झाली. तयारी खोट्याची करावी लागते, खऱ्याला काय करायची आहे, अशी तिची समजूत होती. म्हणून तिने गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. ताईबाईंची समजूत वेगळी होती. पोलीस चौकशीला येणार असं कळल्याबरोबर त्या घरोघर जाऊन आल्या आणि पोराच्या काविळीची सगळ्यांना पुन्हा एकदा आठवण करून देऊन आल्या.

रविवारी दुपारी हवालदार बन्सीलाल महाले आले. अंगाने गोल, बोलायला मऊ, बगलेत फाइल. रत्नाने ललितला घरात बसवलं. "चौकशी तुमची आहे. तुम्ही मध्ये जायचं नाही." ती स्वतः दाराशी गहू पाखडत बसली. तिथून समोरचा सुपडू आबांचा ओटा दिसायचाही आणि ऐकूही यायचा.

"आबा, हा ललित कसा माणूस?" हवालदारांनी विचारलं.

"सोनं," सुपडू आबा म्हणाले.

"दारूबिरू?"

"दारू? साहेब, हा पोरगा चहाचा दुसरा कप घेत नाही."

"पूर्वी प्यायचा म्हणे."

"कोण म्हणे?"

हवालदारांनी फाइलकडे पाहिलं. "तोच म्हणे."

आबा क्षणभर गोंधळले. मग सावरून म्हणाले, "पोरगा विनयशील आहे. स्वतःबद्दल वाईटच सांगतो."

रत्नाचं सूप हातातच थांबलं.

तेवढ्यात शेजारच्या कुंदाबाई धुणं तसंच ठेवून आल्या. "साहेब, त्यानी दारू नही पेयेल कधी. त्याले कावीळ व्हयेल व्हती. अशी कावीळ का इचारू नका."

"कावीळ?" हवालदारांनी पेनचं टोपण काढलं.

"चार महिना जळगावले व्हता. बिलीरुबिन अकरा."

त्यानंतर गल्लीत जी चढाओढ लागली ती थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. एकाने डोळे पिवळे सांगितले, दुसऱ्याने सांगितलं की पोराने घातलेली बनियन पिवळी निघायची. ज्यांनी ललितला त्या चार महिन्यांत पाहिलंच नव्हतं त्यांना जास्त आठवत होतं. शेवटी तोताराम नाना स्वतः काठी टेकत आले आणि म्हणाले, "ती कावीळ मी उतरवली. सदऱ्यातून."

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं, फाइल मिटली आणि समोरच्या घरात आले. ललितने खुर्ची पुढे केली. ताईबाई पाणी घेऊन आल्या. काम फत्ते झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"ललितराव," हवालदार म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी दारू लपवणारे खूप पाहिले. पण दारू उघड लिहून आजार लपवणारा तुम्हीच पहिले."

"आजार झालाच नव्हता, साहेब. मी प्यायचो. चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात होतो. अर्जात लिहिलंय."

"अर्ज तुम्ही लिहिलात. गाव म्हणतं कावीळ. उमेदवाराचं स्वतःबद्दलचं मत धरून चालायचं असतं तर मला इथवर कशाला पाठवलं असतं?"

"केंद्राचं सर्टिफिकेट आहे."

"असेल. कावीळ होऊन गेलेला माणूस केंद्रातही जाऊ शकतो." हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाले. "हे बघा, त्या कारखान्यात पावडरीचं काम. लिव्हर अधू असलेला माणूस तिथे चालत नाही, असं आम्हाला कळवलंय. म्हणजे आजार दडवायला तुमच्याकडे कारणसुद्धा आहे. मला जे ऐकलं ते लिहावं लागेल. एवढे लोक एकसारखं खोटं कशाला बोलतील?"

ललित रत्नाकडे बघायला लागला. ताईबाईंचा पाण्याचा तांब्या हातातच राहिला. न झालेला आजार लपवल्याबद्दल पोराची नोकरी जाणार, हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण आलं.

दारात तोवर अर्धी गल्ली जमली होती. तोताराम नाना सगळ्यांच्या पुढे.

"साहेबांना खोटं वाटत असेल तर पोराला बसवा," नाना म्हणाले. "थोडीफार आत राहिली असेल तर आताही उतरेल."

"नको," ललित म्हणाला.

"होऊ द्या," रत्ना म्हणाली.

ललितने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने बॅरिकेडची बाजू घेतली. पण तिचा वर्गातला आवाज त्याला ओळखीचा होता. तो मुकाट्याने बसला.

नानांनी बाटलीतलं सालीचं पाणी त्याच्या तळहातांना चोळलं. कुंदाबाईंनी परातीत चुन्याची निवळी ओतली. ललितने हात बुडवले आणि पाणी पिवळं झालं. गल्लीतून समाधानाचा उसासा निघाला. हवालदारांनी मान हलवून फाइल पुन्हा उघडली.

"अजून आहे म्हणायची," ते म्हणाले.

"नाना," रत्ना म्हणाली, "आता साहेबांचे हात."

"माझे?" हवालदार हसले. पण एवढ्या लोकांसमोर मागे सरणं बरं दिसलं नसतं. त्यांनी बाह्या सारल्या, नानांनी साल चोळली, कुंदाबाईंनी नवी निवळी ओतली. हवालदारांचं पाणी ललितच्या पाण्यापेक्षा जास्त पिवळं निघालं. त्यांचे तळवे मोठे होते, साल जास्त लागली होती, पण हे कारण फक्त रत्नाला ठाऊक होतं.

हवालदारांचं हसू विरलं. त्यांनी हात बाहेर काढून डोळ्यांजवळ नेले.

"भूक लागते का, साहेब?" रत्नाने विचारलं.

"हल्ली जरा कमी."

"उजव्या बाजूला, बरगडीखाली जड वाटतं?"

"वाटतं," हवालदार अगदी हळू म्हणाले.

"घेता का?"

गल्ली पुढे वाकली. हवालदारांनी एकदा दाराकडे, एकदा परातीकडे पाहिलं.

"ड्युटी संपल्यावर. कधीमधी."

"कधीमधी म्हणजे आठवड्यातून किती वेळा? मला नेमकं सांगा."

"कधीमधी म्हणजे..." हवालदारांनी घाम पुसला, आणि कपाळ पिवळं झालं. "कधीमधी खाडा पडतो, असं."

एवढं झाल्यावर रत्नाला त्यांची दया आली. तिने स्वतःच्या हातांना साल चोळली आणि परातीत हात घातले. पाणी पिवळं. मग सुपडू आबांना बसवलं. पिवळं. कुंदाबाईंनी न सांगताच हात पुढे केले आणि पिवळं पाणी बघून त्या लेकराकडे बघावं तसं स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या.

"कुणालाच कावीळ नाही," रत्ना म्हणाली. "ही साल चुन्याच्या पाण्यात गेली की पिवळा रंग सुटतो. हात कुणाचेही असोत. आठवीच्या मुलांना मी असंच जास्वंदीच्या पाण्याचा रंग बदलून दाखवते. साहेब, तुमच्या बरगडीखाली दुखतं ते मात्र डॉक्टरला दाखवा. ते परातीत कळत नाही."

सगळ्यांच्या नजरा तोताराम नानांकडे वळल्या. आता म्हातारा चिडणार, काठी आपटणार, असं वाटून रत्नालाही ओशाळल्यासारखं झालं. नाना शांतपणे बाटलीचं बूच लावत होते.

"चुना मलाही कळतो, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "ज्याचे डोळे खरंच पिवळे असतात त्याला मी आधी दवाखान्यात धाडतो. पण माणूस घरात नाही, आणि आई त्याचा सदरा घेऊन बसते, तिथे काय उतरवायचं असतं? या गल्लीत मी तीन सदऱ्यांची कावीळ उतरवलीय."

दोन बायकांना चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं, पण पाय कुणाचा हलला नाही.

हवालदारांनी रुमालाने हात कोरडे केले. आता त्यांचा आवाज पुन्हा सरकारी झाला होता, थोडा बळेच.

"ठीक. परात बाद. पण कावीळ होती असं सांगणारे इतके लोक आहेत, नव्हती असं सांगणारं घराबाहेरचं कुणी नाही. निदान हे तरी कळू द्या, कावीळ म्हटलं पहिल्यांदा कुणी?"

कुणी बोट दाखवलं नाही. फक्त सगळे ताईबाईंकडे बघायचं टाळायला लागले, आणि त्यामुळेच हवालदारांना कळलं.

ताईबाईंनी तांब्या खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. ज्या बायकांसमोर त्यांनी वर्षानुवर्षं बिलीरुबिनचा आकडा मिरवला होता त्या सगळ्या दारात उभ्या होत्या. सासूच्या तोंडचं वाक्य आपण बोलून चालणार नाही, हे रत्नाला दिसत होतं.

"मी म्हटलं," ताईबाई म्हणाल्या. "मन्हा पोऱ्याले कावीळ नही व्हती. तो दारू पेये. रोज पेये. मी त्याले खाटवर टाकू आन् सकायले लोकेसले सांगू का पोऱ्या थकी गया."

बोलून झाल्यावर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आता गल्ली काय म्हणेल, याची वाट बघत.

कुंदाबाईंनी पदराला हात पुसले. "आमले बठ्ठासले माहीत व्हतं, अक्का."

"माहीत व्हतं?"

"तुमना ललित आमना ओटावर पडे ना. मीच त्याले उठाडू."

"मंग इतला दिन बिलीरुबिन, बिलीरुबिन काय करी ऱ्हायन्यात?"

"तुमी सांगेत, आमी ऐकूत," कुंदाबाई म्हणाल्या. "आते तुमना मन कसं मोडवं?"

सुपडू आबा खाकरले. "साहेब, माझंही लिहा. मी याला दोनदा गटारीतून काढलाय. पण तीन वर्षं झाली, संध्याकाळी माझ्याशी कॅरम खेळतो आणि हरतो. शुद्धीत आहे म्हणूनच इतका नीट हरतो."

एकदा दार उघडल्यावर मग ललितच्या दारूबद्दल जी माहिती यायला लागली, तिच्यापुढे काविळीची काहीच मातब्बरी नव्हती. ललित खाली मान घालून ऐकत होता. मध्येच एकदा त्याने "ते झाड नव्हतं, खांब होता" अशी दुरुस्ती केली. हवालदारांनी ती लिहून घेतली.

दोन पानं भरल्यावर त्यांनी आबांची आणि कुंदाबाईंची सही घेतली आणि शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. "उमेदवाराने अर्जात दिलेली माहिती चौकशीअंती खरी आढळली. ग्रामस्थांनी सुरुवातीस दिलेली माहिती प्रेमापोटी चुकीची होती." मग जरा विचार करून त्यांनी 'प्रेमापोटी' खोडलं आणि 'गैरसमजुतीने' लिहिलं. सरकारी कागदात प्रेमापोटी बसत नव्हतं.

रत्ना त्यांना मोटारसायकलपर्यंत सोडायला गेली. किक मारायच्या आधी हवालदार इकडे तिकडे बघून म्हणाले, "मॅडम, ते जळगावचं केंद्र. तिथे चारच महिने राहावं लागतं का, की कमीतही होतं?"

"ते तिथले डॉक्टर ठरवतात. पत्ता देऊ?"

"फाइलमध्ये आहे," हवालदार म्हणाले, आणि फाइल बगलेत जरा घट्ट धरून गेले.

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ललितला बोलावलं. टेबलावर त्याचा अर्ज, केंद्राचं सर्टिफिकेट आणि हवालदारांची दोन पानं. अधिकाऱ्याने ती दोन्ही पानं वाचली, आणि खांबाच्या ओळीपाशी आल्यावर त्याला हसू लपवायला मिशी पुसावी लागली. मग त्याने एकच विचारलं, उद्या हात थरथरला तर काय करशील?

"मशीनपासून लांब होईन आणि तुम्हाला सांगेन," ललित म्हणाला.

"घाबरणार नाहीस सांगायला?"

"साहेब, माझ्या गल्लीने तुम्हाला सांगितलंय त्याच्यापुढे आता घाबरण्यासारखं काय राहिलं?"

रुजू व्हायचा हुकूम आला. सोबत अट, दर तिमाहीला तपासणी, आणि एकदा जरी दारू आढळली तर घरी. ललितने अटीवर सही केली आणि ताईबाईंनी गल्लीत पेढे वाटले. "कशाचे?" म्हणून विचारणाऱ्याला त्या आता थेट सांगायच्या, "पोऱ्यानी दारू सोडी, त्याना." नोकरीचा उल्लेख मागाहून यायचा.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्याची भरती निघाली. सुपडू आबांचा पुतण्या पिंटू परीक्षेत निवडला गेला आणि एका संध्याकाळी तोच पडताळणीचा अर्ज घेऊन रत्नाकडे आला. मुलगा सरळमार्गी, सुपारीचंही खांड तोंडात न टाकणारा. सगळा अर्ज नीट भरलेला होता. एकच रकाना मोकळा होता.

"वहिनी, हे व्यसनाचं," तो अडखळत म्हणाला. "माझ्याकडे तर काहीच नाही."

"मग नाही लिही."

"तसं लिहिलं तर दडवल्यासारखं नाही का वाटणार? ललितभाऊने केवढं लिहिलं होतं." त्याने आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो, थोडंसं काही दाखवू का? बियरपुरतं?"

रत्नाने पेन त्याच्या हातात दिलं. "नाही लिही, पिंटू."

पिंटूने नाही लिहिलं, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. हवालदार चौकशीला येतील तेव्हा आपल्याबद्दल गल्लीने नेमकं काय सांगावं, ते ठरवायला तो तिथून थेट कुंदाबाईंच्या ओट्याकडे निघाला. रत्ना पायात चप्पल न घालताच त्याच्यामागे धावली.